टिटवी ‘ये’ म्हणाली

नदीकाठच्या एका जंगलात एक साळुंकी राहत असे. गोष्टी सांगण्याचा तिला फार नाद. संध्याकाळी जांभळाच्या झाडावर आसपासची पिल्ले तिच्याभोवती गोळा होत आणि त्यांच्या आया तेवढा वेळ पंख मिटून निवांत बसत.

त्याच नदीच्या वाळूत एक टिटवी एकटी राहत असे. एका दुपारी साळुंकी पाणी प्यायला आली, तेव्हा टिटवीने तिला आपली हकिकत सांगितली. एकदा वाळूतल्या खळग्यात तिची अंडी होती आणि वर घार घिरट्या घालू लागली. तेव्हा तिचा जोडीदार टिटवा उठला आणि म्हणाला, “येतो.” टिटवी म्हणाली, “ये.” मग तो ओरडत घारीच्या अगदी समोरून उडाला. घार त्याच्या मागे लागली आणि दोघेही टेकडीपलीकडे दिसेनासे झाले. अंडी वाचली. पिल्ले मोठी झाली, आपापल्या वाटेने उडून गेली. टिटवी मात्र त्या खळग्यापाशीच राहिली, टेकडीकडे तोंड करून.

मुलांनो, तुमच्या घरीही बाहेर निघालेले माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणते. मागे राहिलेले ‘ये’ म्हणतात आणि दार लोटून घेतात. त्या नदीकाठीही तीच रीत होती.

साळुंकीचे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी तिने ती गोष्ट पिल्लांना सांगायला घेतली. पण पोपटाचे पिल्लू मध्येच म्हणाले, “निघालाय जायला आणि म्हणतो ‘येतो’. वेडाच दिसतोय.” सगळी पिल्ले हसली. “बरं बाबा, ‘जातो’ म्हणाला,” साळुंकी म्हणाली. शेवटाला होल्याचे पिल्लू मुसमुसू लागले, तशी तिने घाईघाईने जोडून दिले, “मग घारीला हरवून तो परत आला. येताना सगळ्यांना किडे घेऊन आला.” पिल्ले खूश झाली.

“छान होती हो गोष्ट. कुणाची?” होल्याच्या पिल्लाच्या आईने विचारले.

“अशीच सुचली,” साळुंकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिल्ले वाळूत खेळायला उतरली. पोपटाचे पिल्लू टिटवा झाले. “जातो गं,” असे म्हणून ते खडकामागे लपले आणि थोड्या वेळाने तिथूनच ओरडले, “आलो गं, आलो. हे घे किडे.”

त्या ‘आलो’सरशी टिटवी उभी राहिली. मान उंच करून तिने टेकडीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तिची नजर खडकामागच्या हिरव्या शेपटीकडे गेली आणि तिला सारे समजले.

टिटवीला फांदीवर बसता येत नाही. ती चालत जांभळाच्या झाडाखाली आली आणि मान वर करून म्हणाली, “साळुंकीताई, ती गोष्ट माझी होती.”

“अगं, गोष्टी काय कुणाच्या असतात?” साळुंकी म्हणाली. “सशाचे कान लांब कसे झाले, ते मी नेहमी सांगते. एकही ससा कधी झाडाखाली येऊन उभा राहिला नाही.”

काठावर ऊन खात पडलेले म्हातारे कासव हे ऐकत होते. ते म्हणाले, “सशाच्या कानांची गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली, ते माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. ती सगळ्यांची. ही जिची आहे, ती इथे उभी आहे. तिला विचारायला तुला किती लांब उडावं लागलं असतं?”

साळुंकी ओशाळली. खाली उतरून ती टिटवीसमोर बसली. “माझ्या मनात वाईट नव्हतं गं. लहान पिल्लं रडतात, म्हणून थोडी सोपी केली.”

“सोपी कर ना,” टिटवी म्हणाली. “घारीची नखं काढून टाक. टिटव्याच्या डोक्यावर मोराचा तुरा लाव, तो स्वतःच हसला असता. पण तो ‘जातो’ म्हणाला नव्हता. आणि तू त्याला परत आणलंस. तो आला असेल, तर मी रोज वाट बघते ती कुणाची?”

साळुंकीने हळूच विचारले, “मग गोष्ट कुठे संपवू? पुढचं सांगितलं तर पिल्लं घाबरतात.”

“मी ‘ये’ म्हणाले ना, तिथे थांब,” टिटवी म्हणाली. “मीही तिथेच थांबले आहे.”

त्या संध्याकाळी साळुंकीने सुरुवातच अशी केली, “ही गोष्ट वाळूतल्या टिटवीची आहे. काल मी ती न विचारता सांगितली आणि चुकीची सांगितली. आज तिला विचारून सांगते.” पोपटाच्या पिल्लाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी तिने शब्द बदलला नाही. “निघणारा ‘येतो’ म्हणाला, की मागे राहणाऱ्याला वाट बघता येते. म्हणून,” ती म्हणाली. टिटवी ‘ये’ म्हणाली, तिथे ती थांबली.

“मग पुढे?”

“टिटवीने दिली तेवढीच गोष्ट माझ्याजवळ आहे.”

कुणी रडले नाही. होल्याचे पिल्लू मात्र आईच्या पंखाला जरा अधिकच चिकटून बसले. अंधार पडू लागला, तशी पिल्ले घरट्यांकडे निघाली. वाळूवरून जाताना पोपटाचे पिल्लू खाली वाकून म्हणाले, “येतो हं, मावशी.” मागून येणारी पिल्लेही एकेक करून तेच म्हणू लागली.

टिटवीचे तोंड टेकडीकडेच होते. ती प्रत्येकाला म्हणाली, “ये.”

तात्पर्य : दुसऱ्याची गोष्ट मुलांना सांगण्याआधी तिच्या धन्याला विचारावे आणि सांगताना त्याचे नाव घ्यावे, आणि ती कितीही सोपी केली, तरी ज्या शब्दावर कुणी जगत असेल, तो शब्द बदलू नये.