बांधाची मागची बाजू

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी वेत्रपूर नावाच्या नगरात राजा नव्हता, तिथे गणाचे राज्य होते. नगरातले निवडलेले सभासद सभागृहात जमत, बोलत, वाद घालत आणि कारभार ठरवत. त्या काळी बोधिसत्त्व सुयाम या नावाने त्या सभेचा सभासद होता. वयाने सगळ्यांत धाकटा, म्हणून त्याचे आसन अगदी दाराशी, जिथे बाकीच्यांची पादत्राणे पडत.

त्या सभेची एक रीत होती. ठराव मांडणाऱ्याने तो तीनदा पुकारायचा. तिन्ही वेळा सभा गप्प राहिली की ठराव मंजूर. कोणी उठून प्रश्न विचारला, तर उत्तर मिळेपर्यंत पुढचा पुकारा थांबे. मात्र शंका फोल ठरली तर विचारणाऱ्याचे आसन उलटे घालत, आणि मग त्याने सभेची पायरी जन्मात चढायची नाही. झालं! हळूहळू सगळ्यांना गप्प बसण्याची अशी काही गोडी लागली की सभा न्याहारी थंड व्हायच्या आत आटोपू लागली.

नगराच्या वर एक मोठा तलाव होता. त्याचा मातीचा बांध, आणि बांधाच्या मागे, खालच्या अंगाला, कुंभारांची वस्ती. हा बांध राखायचे काम सेतुपाल दंतिलाकडे होते. दंतिल म्हणजे सुयामाचा सख्खा मामा. आईबाप गेलेल्या भाच्याला त्याने पोटच्या पोरासारखे वाढवले होते, आणि सभेत त्याच्यासाठी शब्द टाकणाराही तोच. दरसाल सभासद बांधाची पाहणी करत. ती कशी? तर सजवलेल्या होड्यांतून! हातात लाडू, डोक्यावर छत्र्या, आणि समोर पाण्यात उतरलेली बांधाची घडीव दगडी बाजू. वा वा, काय देखणा बांध, असे म्हणत सगळे घरी जात.

त्या चैत्रात शेजारचा राजा नौकोत्सव पाहायला येणार होता. तलाव काठोकाठ भरलेला दिसावा म्हणून डोंगरातला ओढा त्यात वळवायचा, असा ठराव दंतिल आणणार होता. सभेच्या दिवशी सकाळी सुयाम वाटेत कुंभारवाड्यात गेला. बायकोने रांजण आणायला सांगितला होता. रांजण निवडून होईस्तोवर तो एका झाडाखाली टेकला. कुंभारीण कुरकुरत होती की यंदा कच्ची मडकी वाळता वाळत नाहीत. सुयाम हसला आणि उठला, तो काय! धोतर मागून ओलेचिंब. वर ऊन तापलेले, महिनाभर पावसाचा थेंब नाही, आणि जमीन ओली. त्याने मान वर करून बांधाकडे पाहिले आणि ही ओल कुठून आली ते त्याच्या ध्यानात आले. रांजण तिथेच राहिला. सुयाम पळत सुटला.

तो धापा टाकत सभागृहात शिरला तेव्हा पहिला पुकारा होऊन गेला होता. दंतिलाने भाच्याकडे पाहून मायेने मान हलवली आणि दुसरा पुकारा दिला. सभा गप्प. सुयामापुढे पेच पडला. उठावे तर ज्याने घास भरवला त्याच्यावरच चारचौघांत बोट दाखवायचे. न उठावे तर वस्तीतली माणसे पाण्याखाली. आपले आसन जाईल याची भीतीही त्याला वाटली. का वाटू नये? पण दंतिलाने तिसऱ्यांदा तोंड उघडले आणि सुयाम उभा राहिला.

तो उभा राहताच मागच्या भिंतीशी कोणीतरी फिस्सकन हसले. त्याचे ओले, चिखलाने माखलेले धोतर सगळ्यांना दिसले, आणि मग काय विचारता, सभासदांची हसून हसून पुरेवाट झाली. सुयाम थांबला. हसणे ओसरल्यावर म्हणाला, "हसा, पण ही ओल नीट पाहा. ही बांधाच्या पायथ्याची आहे. आर्य सेतुपाल, माझा प्रश्न एवढाच की बांधाची मागची बाजू कोणी पाहिली आहे का?"

दंतिलाचा चेहरा उतरला. सभेची भाषा विसरून तो हळूच म्हणाला, "सुयाम, बाळ, खाली बस." मग स्वतःला सावरून त्याने उत्तर दिले. पाहणी रीतीप्रमाणे झालेली आहे. कुंभार दिवसभर पाणी सांडतात, माती कालवतात. त्यांच्या वस्तीत ओल नसेल तर कुठे असेल? उत्तर बिनतोड होते. सभासदांनी माना डोलावल्या. बांधाजवळ राहणारा सीवक नावाचा सभासद काही बोलेल असे सुयामाला वाटले, पण तो खाली मान घालून बसला. गणमुख्य धृतिमान, पिकल्या केसांचा शांत म्हातारा, तिसऱ्या पुकाऱ्याची खूण करणार इतक्यात सुयाम पुन्हा बोलला.

"सभा या छपराखालीच भरते असे नाही. आसने मांडाल तिथे सभा. तिसरा पुकारा आपण बांधामागे बसून ऐकू. जागा सेतुपालांनी निवडावी, त्यांना सगळ्यांत कोरडी वाटेल ती."

सभागृहात एकच गलबला उडाला. असले कधी कोणी ऐकले नव्हते! कोणी चिडले, कोणी उन्हाचे नाव घेऊन कुरकुरले. पण धृतिमानाच्या डोळ्यांत चमक आली. गेली कित्येक वर्षे या सभेत झोप आवरत बसलेला तो माणूस काठी टेकत उठला आणि म्हणाला, "आसने उचला."

अख्खी सभा आसने काखेत मारून रस्त्याने निघाली. लोक घराबाहेर येऊन बघू लागले. दंतिलाने बांधामागेच, पण वस्तीपासून दूर, भेगाळलेल्या जमिनीचा, पांढराफटक तुकडा निवडला. त्याला स्वतःची पक्की खात्री होती. सगळ्यांत आधी तोच ऐटीत आसन टाकून बसला. मग सगळे बसले. दंतिलाने ठरावाचे कारण पुन्हा सांगायला सुरुवात केली. राजा, उत्सव, नगराची शोभा. बोलता बोलता तो अडखळला. त्याने बूड जरासे हलवले. पुन्हा बोलू लागला, पुन्हा थांबला. समोरचे सभासदही चुळबुळू लागले. वरची वाळलेली खपली भाराने दबली होती आणि खालची ओल आसनांतून वर येत होती. एकाने हळूच मागे हात लावून पाहिला आणि तो दचकून उठला. मग दुसरा उठला, मग तिसरा. बघता बघता सारी सभा उभी, आणि सगळ्यांची धोतरे ओली! आता हसायला कोणी नव्हते.

बसून राहिला एकटा दंतिल. त्याने मान वळवून बांधाची मागची बाजू पाहिली, आयुष्यात पहिल्यांदाच. तिथे मातीतून पाणी पाझरत होते. त्याने तिसऱ्या पुकाऱ्यासाठी उघडलेले तोंड मिटले. मग म्हणाला, "ठराव मागे घेतो. मोरी उघडा, तलावाचे पाणी सोडा."

मग जी धावपळ उडाली! मोरीचे दार वर ओढले, पाणी नगराला वळसा घालून नदीकडे घुसले. कुंभारांनी पोरेबाळे, चाके, मडकी टेकडीवर नेली. सभासदांनी कमरा बांधून मातीच्या पाट्या उचलल्या, म्हाताऱ्या धृतिमानानेसुद्धा. दिवस मावळताना बांध एका जागी खचलाच. पण तोवर तलाव निम्म्याच्या खाली उतरला होता. पाणी वस्तीत शिरले ते गुडघाभर. चार भिंती पडल्या, माणूस एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली तेव्हा दंतिलाने कोणी सांगायच्या आत आपले आसन स्वतःच उलटे घातले आणि तो दाराकडे निघाला. सुयामाने धृतिमानाकडे पाहिले. म्हाताऱ्याने मान डोलावली. सुयामाने आसन सुलटे केले आणि मामाचा हात धरला. "मामा, बांध दोन्ही बाजूंनी पाहणारा सेतुपाल आपल्याला कालच मिळालाय. त्याला आजच घालवू?" दंतिलाला रडू आवरेना.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली ती संघाच्या एका बैठकीनंतर. गुरूने मांडलेली गोष्ट चुकीची आहे हे दिसत असूनही एक तरुण भिक्खू त्या दिवशी गप्प राहिला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा धृतिमान आज इथे बसलेला सर्वांत वृद्ध स्थविर आहे. दंतिल म्हणजे या तरुणाचा गुरू. सुयाम मीच होतो. आणि सीवकाच्या अंगणातली विहीर त्या चैत्रात कारणाशिवाय हातभर चढली होती. ते त्याला ठाऊक होते, तरी तो बोलला नाही. तो सीवक म्हणजे तू."

तरुण भिक्खूने मान वर केली. उठून तो गुरूंसमोर गेला, त्यांना वंदन केले आणि बैठकीत न विचारलेला प्रश्न त्याने विचारला. गुरूंनी तो ऐकून घेतला आणि आपला शब्द मागे घेतला. जिथे प्रेम आहे तिथेही खरे विचारावे, आणि खरे विचारूनही प्रेम सोडू नये, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.