श्रावणातलं आमिष

“आणि श्रावणात?”

नारनवरे गुरुजींनी आमिषांचा डबा बंद केला.

“गुरुजी, मी विचारलं, श्रावणात गळाला काय लावायचं?”

गुरुजी तलावाकडे बघत राहिले...

उर्वी मोटघरेला हे मौन चांगलं ओळखीचं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या गप्प बसण्याला लोक फार लवकर ज्ञान म्हणतात. उर्वीचा अनुभव असा होता, की निम्म्या वेळा त्यांना ऐकूच आलेलं नसतं.

ती ओरडली, “श्रावणात!”

“ऐकू आलं.”

“मग?”

गुरुजींनी डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीची नाडी ओढली.

गुरुजी भंडाऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि तलावाकाठी येऊन राहिले. लाकडाचे बेडूक कोरायचे, पत्र्याचे मासे कापायचे, ते रॉडवर लावून मरळ पकडायची आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायची, एवढाच त्यांचा उद्योग. उर्वी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि नागपूरची नोकरी नाकारून गावी परतली होती. गावात दोघांनाही एकाच रांगेतले वेडे समजत.

गुरुजी शिकवत तेही असं, की भांडून एकेक वाक्य काढावं लागे.

वैशाखात तिने विचारलं होतं, “आता काय लावू?”

“पाणी उतरलंय. मरळ कमळाच्या सावलीत बसते. बेडूक पानावर टाक आणि विसरून जा.”

“किती वेळ?”

“वलयं विरेपर्यंत. मग एकदाच हलव.”

त्याआधी, आश्विनात पाणी निवळलं, तेव्हा गुरुजींनी चमचा लावायला सांगितला. चमचा म्हणजे पत्र्याचा चकाकता तुकडा, ओढला की लहान माशासारखा लुकलुकतो.

“चमच्यांना सगळीकडेच भाव आहे,” उर्वी म्हणाली.

गुरुजी हसले नाहीत. दुपारी डबा खाताना मात्र एकदम हसले आणि त्यांना ठसका लागला.

पौषात रबरी गांडूळ. थंडीत मासा तळाला सुस्त पडलेला असतो.

“हळू ओढ. इतकं हळू, की तुझा तुलाच राग आला पाहिजे.”

“मला राग यायला गांडूळ लागत नाही.”

“माहीत आहे.”

त्याच थंडीत एकदा त्या गांडुळामागून एक लांब सावली काठापर्यंत आली. थांबली. पाहिलं. आणि सावकाश वळून खोल पाण्यात गेली.

उर्वीने पाय आपटला. “गेली!”

गुरुजींचा चेहरा मात्र उजळला होता. “मोठी आहे.”

“लागली कुठे? मोठी कशावरून?”

“लहान असती तर घेतलं असतं.”

त्यानंतर जेव्हा जेव्हा असं घडलं, तेव्हा तेव्हा गुरुजी तेच म्हणाले. मोठी आहे. या दोन शब्दांचा उर्वीला मनापासून संताप यायचा.

आणि श्रावणाबद्दल विचारलं, की डबा बंद.

पण आज तिला उत्तर हवंच होतं. उद्या पोळा. परवा कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. महिनाभर श्रावण पाळलेली गावोगावची तोंडं परवा मासे मागणार होती. पोळ्याच्या दिवशी जाळ्याला हात लावायचा नाही, म्हणून मच्छीमार सोसायटीने करीच्या पहाटे जाळं टाकायचं ठरवलं होतं. आणि या वर्षी कमळाच्या कोपऱ्यातसुद्धा.

तो कोपरा उर्वीने मागितला होता. तिथे जाळं नको. रॉडवाले पाहुणे येतील, मरळ पकडतील, सोडतील, गावात राहतील, जेवतील. सोसायटीचे अध्यक्ष झिबलकाका दिघोरे पोट धरून हसले होते.

“पकडाची अन् सोडाची? मंग पकडाची कायले?”

“पाहुणे त्याचेच पैसे देतात, काका.”

“येड्याचं काम हाये, पोरी. बरं, असं कर. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येतो मी पारीवर. मरळ दाखव मले. दाखवली, तर कोपरा तुझा. नाही, तर जाळं पडन.”

ती संध्याकाळ आजची होती.

सकाळपासून तिने सगळं करून पाहिलं होतं. लाकडी बेडूक पानावर ठेवला. वलयं विरली, तिचा धीर विरला, मरळ आली नाही. चमचा गढूळ पाण्यात कुणाला दिसलाच नाही. गांडूळ तळाच्या शेवाळात रुतून बसलं.

“तुमचं एकही शिकवणं आज चालत नाही,” ती म्हणाली.

“नाहीच चालणार.”

“मग चालेल ते सांगा ना!”

आणि तेवढ्यात तिला ते दिसलं.

कमळाच्या पानांच्या कडेला, हातभर जागेत, पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं. बाकी तलाव शांत. तेवढीच एक जागा उकळत होती, खाली दबत होती, पुन्हा उकळत होती.

“गुरुजी... पिल्लं.”

गुरुजींनी डोळे बारीक केले. त्यांना आता लांबचं नीट दिसत नसे. “केवढी?”

“भाताच्या दाण्याएवढी. ढीगभर. एकत्र वर येतात, श्वास घेतात, खाली जातात.”

“रंग?”

“गेरूसारखा.”

“म्हणजे खाली ती आहे.”

“दोघं असतात. नरही राखतो.”

“पुस्तकात आहे?”

“पाण्यातही आहे.”

गुरुजी जरा हसले. मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला. रुमालातून एक बेडूक. सावरीच्या लाकडाचा, कापसासारखा हलका, पाय सायकलच्या ट्यूबचे. त्याच्या पाठीवरचा ठिपका न् ठिपका त्यांनी रंगवला होता. या बेडकाला ते कुणाला हात लावू देत नसत.

“हा लाव.”

उर्वीने हात पुढे केला. “म्हणजे श्रावणात हा?”

“श्रावणात काहीही. चप्पल टाकलीस तरी ती वर येईल.”

“का?”

“भूक नसते तिला. पिल्लांच्या वरून काहीही गेलं, की राग येतो. तोंड उघडून तुटून पडते. या दिवसांत मरळ हुकत नाही.”

“मग वर्षभर सांगितलं का नाहीत?”

उर्वीने उत्तराची वाट पाहिली नाही. तंगूस, गळाची नायलॉनची दोरी, भराभर बेडकाच्या नाकातून ओवला, गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. तलावाच्या बांधावर, पारीच्या दुसऱ्या टोकाला, एक पांढरं धोतर दिसू लागलं होतं. झिबलकाका येत होते.

तिने रॉड उचलला.

“पिल्लांच्या पलीकडे टाक,” गुरुजी म्हणाले. “आणि त्यांच्यावरून ओढ.”

“लगेच सोडीन मी तिला. काकांना दाखवलं, की मिनिटभरात पाण्यात.”

“हो. मिनिटभरात.”

गुरुजी ‘हो’ म्हणाले, ते तिला उगाचच टोचलं. तिने पाण्याकडे नीट पाहिलं.

कमळाच्या देठांमागे बोटभर लांबीचे मासे टपून उभे होते. पिल्लांचा घोळका जरा पसरला, की त्यातला एखादा आत घुसू बघायचा. लगेच खालून पाणी फुगायचं आणि तो पळायचा. पुन्हा टपायचा. कुणीतरी खाली सारखं जागं होतं.

एक मिनिट.

तिने रॉड खाली घेतला.

“टाक,” गुरुजी म्हणाले.

“नाही.”

“झिबल पोचेल इतक्यात. त्याला काय दाखवशील?”

“माहीत नाही.”

“परवा जाळं पडेल. पिल्लं तशीही जातील, ही मरळही जाईल, तुझा कोपराही जाईल. एक मासा मिनिटभर बाहेर काढून सगळं वाचत असेल, तर?”

हिशोब बरोबर होता आणि त्याचाच तिला राग आला.

“टाक, पोरी.” गुरुजींचा आवाज बदलला होता. “मला आता काठावरचं पानही धूसर दिसतं. पण मरळ वर येते तेव्हाचा तो आवाज... तो अजून ऐकू येतो. या बेडकावर एकदा ऐकायचा होता. पुढच्या श्रावणात मी असेन, नसेन.”

गुरुजींनी तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. साधा चहासुद्धा.

“गुरुजी, तुम्ही मला गळ घालताय?”

“घालतोय.”

तिने रॉड पुन्हा अर्धा उचलला. बेडूक हवेत हलला, आणि पाण्यावर पडलेल्या त्याच्या सावलीखालून पिल्लं एकदम दबली.

“तुम्ही सगळी मोठी माणसं सारखीच!” उर्वी फुटली. “वर्षभर थांब, हळू, धीर धर. आणि आज स्वतःला हवंय म्हटल्यावर धीर नाही? वर वयाची भीती घालायची? मला माझा कोपरा हवाय, गुरुजी, जीव जाईल इतका हवाय. तुम्हाला तो आवाज ऐकवावा असंही वाटतंय. आणि तरी मी टाकणार नाही. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठीही नाही. पाण्यातल्या या बाईला आज सवड नाहीये!”

तिने दातांनी तंगूस तोडला. बेडूक गुरुजींच्या तळहातावर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याचाही तिला राग आला.

गुरुजींनी बेडूक रुमालात गुंडाळला. एक घडी. दुसरी घडी.

“का व पोरी,” झिबलकाका धापा टाकत पोचले, “लागली का?”

“नाही.”

“टाकला तरी का?”

“नाही टाकला.”

“मंग दिवसभर काय मास्तराचं तोंड पाहत होतीस?”

“ते पण पाहून झालं. इकडे या, काका. चप्पल वाजवू नका.”

तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना काठाशी उकिडवं बसवलं. झिबलकाकांनी उकळतं पाणी पाहिलं. नवल काहीच वाटलं नाही त्यांना. त्यांचं बालपण याच पाण्यात गेलं होतं.

“पिल्लं हायेत. मंग?”

“तुम्हाला माहीत आहे?”

“मले शिकवतेस? मासे धरनाऱ्या ढिवराले?”

“माहीत असून परवा इथे जाळं ओढणार? मग तर जास्तच वाईट!”

“हे पाहा, करीच्या दिवशी लोकं...”

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. देठांमागचा एक मासा पिल्लांत घुसला होता. पाणी फाटलं. काळं, रुंद, मांडीएवढं अंग कमळाची पानं उलटी करत वर आलं आणि ओलं पोतं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. पाणी तिघांच्याही तोंडावर उडालं.

मग पुन्हा शांत. घोळका खाली दबला, वर आला, उकळू लागला.

गुरुजी डोळे मिटून उभे होते.

झिबलकाकांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. “बाप्पा...”

“दाखवली,” उर्वी म्हणाली.

“काय?”

“मरळ. तुम्ही म्हणालात, मरळ दाखव. दाखवली.”

“मी म्हटलं गळाले लावून दाखव!”

“नाही म्हणालात. ‘दाखव’ म्हणालात. गुरुजी होते तिथे.”

झिबलकाका गुरुजींकडे वळले. गुरुजींचे डोळे अजून मिटलेलेच. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नव्हतं.

“‘दाखव’ म्हणालास, झिबल,” ते म्हणाले.

झिबलकाका गुडघ्यावर हात टेकून उठले.

“माहा बाप हा कोपरा सोडत होता,” ते पुटपुटले. “पिल्लं मोठी होऊन पांगेपर्यंत. मंग पुढं... सोडनं सुटलं.”

“मग?”

“मंग काय? सोडतो. पोरायले सांगतो, परवा तिकडं मोठ्या पाण्यात टाका. आन तुझे ते पाहुणे, दिवाळीनंतर. पन मले अजूनही येड्याचंच काम वाटते, सांगून ठेवतो.”

“तुम्हाला काहीही वाटू दे,” उर्वी म्हणाली आणि इतकी हसली, की रॉड गोळा करताना रीळ हातातून सुटून गडगडत पारीखाली गेलं. ती त्याच्यामागे धावली.

झिबलकाका गुरुजींजवळ सरकले. आवाज खाली आणला.

“मास्तर, एवढं शिकवलं तिले. अन् ऐन श्रावनात, मरळ समोर असून, दिवसभरात एकही लागली नाही?”

“मी टाकला होता एकदा,” गुरुजी म्हणाले. त्यांचा हात रुमालावर होता. “जवळचं सगळ्यांत चांगलं लावून टाकला.”

“मंग?”

“आली. अगदी जवळ आली. पाहिलं... आणि वळली.”

पारीखालून उर्वीचा आवाज आला. ती रिळावर ओरडत होती.

गुरुजींनी तिकडे मान वळवली.

“मोठी आहे.”