जळणाऱ्याने बांधायची गाठ

आत्ता मी सदूच्या डोक्याला देवीचा मुखवटा बांधला, तेव्हा तुमच्यातल्या ताईंनी विचारलं, हे काम त्याचा भाऊ का करत नाही? आमच्या काजळपाड्याचा बोहाडा, म्हणजे हा मुखवट्यांचा नाच, त्यात नियमच तसा आहे. ज्याच्याकडून सोंग काढून घेतलं, त्यानंच ते पुढच्याला बांधायचं.

असं सांगतात, फार पूर्वी देवजी गावित इथं देवीचं सोंग घ्यायचा. वीस वर्षं. लाकडी मुखवटा, हिरवं लुगडं; तो नाचला की म्हाताऱ्या पाया पडायच्या. मग त्याचा गुडघा गेला. गावानं सोंग त्याच्या चुलतभावाला, लाडक्याला दिलं. लाडक्या ते लुगडं नदीवर धुवायला न्यायचा, तेही देवजीला बघवत नसे.

बोहाड्याच्या दिवशी त्यानं म्हणे मुखवट्याची दोरी आतून अर्धी कापली. मुखवटा पडावा, गावानं हसावं, एवढंच त्याला हवं होतं.

मुखवटा पडला नाही. घसरला, आणि लाडक्याचे डोळे झाकले. सोंग मध्येच थांबवायचं नसतं, म्हणून तो न दिसताच नाचत राहिला आणि संबळाच्या तालावर रिंगणामागच्या दरीकडे सरकू लागला. लोकांना वाटलं, अंगात आलं. खरं काय ते एकट्या देवजीला ठाऊक. तो लंगडत रिंगणात धावला, दोन्ही हातांनी मुखवटा धरला आणि ओरडला, "डावं मागं घे! अजून एक! आता फिर!" असा त्यानं नाच पुरा करून घेतला. मग दोरी सगळ्यांना दाखवली. "मीच कापली. ह्याचा नाच मला बघवेना."

पंच त्याला गावाबाहेर काढणार होते. लाडक्या म्हणाला, "दादाला राहू द्या. पुढल्या वर्षी मला त्यानंच बांधावं. त्याच्याइतकं लक्ष माझ्यावर दुसऱ्या कुणाचं नाही."

देवजी मरेपर्यंत जळला म्हणतात. पण त्यानं बांधलेली गाठ कधी सुटली नाही, आणि चूक दिसली की राहवत नसे, म्हणून पाऊल न् पाऊल त्यानं लाडक्याला शिकवलं.

शेजारच्या पाड्यांत आता इलॅस्टिकचे तयार मुखवटे येतात, बांधायला कुणी लागत नाही, नाच स्पीकरवर होतो. त्यांची निम्मी पावलं विसरली गेली. आमचं एकही गेलेलं नाही.

आजही गाठ अशीच बांधतात. मी तीस वर्षं नाचलो, नऊ वर्षांपूर्वी सोंग सदूकडे गेलं. जळतो का? जळतो. दर वर्षी तो कुरकुरतो, "काका, फार आवळलं."

मी म्हणतो, "आवळू दे."