जाळीच्या पडवीतल्या मुनिया

फार मागं, राजे होते पण रस्ते नव्हते, तेव्हाची गोष्ट. पोरांनी ऐकावी, आणि पोरांच्या आयांनी तर कान देऊन ऐकावी.

एका गावच्या पाटलांच्या घरात दोन जावा होत्या. किल्ल्या थोरलीच्या कमरेला. तिनं उगवतीकडच्या पडवीला बांबूची बारीक जाळी लावून घेतली होती. आत मोगरा, तगर, अबोली, जाळीवर चढवलेली गोकर्णाची वेल, आणि त्या हिरवाईत भिरभिरणाऱ्या अंगठ्याएवढ्या लाल मुनिया. कोवळं ऊन आत आलं की पडवीभर किलबिल व्हायची. गावातल्या बायका बघायला यायच्या आणि थोरलीची मान ताठ व्हायची.

एक दिवस धाकटी जाळीशी उभी राहून म्हणाली, "अक्का, किती गोजिरवाण्या हो! बघतच बसावंसं वाटतं."

दुसऱ्या सकाळी एक म्हातारी मुनिया मोगऱ्याच्या कुंडीत मरून पडलेली सापडली. पक्षीही म्हातारे होतात, मरतात. थोरलीला ते सुचलं नाही. तिला कालचं बोलणं आठवलं.

तिनं शेगडीत निखारे घेतले. त्यांवर मीठ, मोहऱ्या आणि मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. शेगडी पडवीत ठेवली, दृष्ट आतल्या आत जळावी म्हणून जाळीवर गोणपाटाचे पडदे सोडले, दार लावलं आणि बाहेर पडली.

सकाळी आणखी दोन मेलेल्या.

"बघा, केवढी दृष्ट होती!" असं म्हणून तिनं मिरच्या वाढवल्या. मिरच्या वाढत गेल्या, मुनिया कमी होत गेल्या. शेवटी भर पाणवठ्यावर, सगळ्या बायकांदेखत, तिनं धाकटीला गाठलं.

"पोटी मूल नाही, म्हणून दुसऱ्याच्या जिवांवर डोळा! एकेक करून खाल्लीस माझी पाखरं."

"अक्का, मी तर त्यांना रोज राळ्याचे दाणे घालत होते."

"म्हणूनच!"

दिवस मावळायच्या आत धाकटीची माहेरी रवानगी झाली.

आता तर मुनिया सुखरूप राहायला हव्या होत्या. तरी थोरलीनं शेगडी पेटवलीच. जाता जाता धाकटी वळून बघून गेली असेल, कुणी सांगावं? आणि या खेपेला राखणीला म्हणून ती स्वतः आत बसली.

धूर घशात उतरला. डोळ्यांना धारा लागल्या, ठसक्यावर ठसका. धडपडत ती दाराशी पोहोचली आणि तिनं मागं वळून पाहिलं. मुनिया जाळीच्या भोकांत चोची खुपसून हवा शोधत होत्या. एक फांदीवरून टपकन खाली पडली. थोरलीला दार होतं. त्यांना नव्हतं.

तिनं पडदे ओरबाडले, जाळी फाडली. ज्यांच्या पंखांत बळ उरलं होतं त्या उडाल्या. पडलेली मात्र तिच्या ओंजळीतच गार झाली. याच धुरात त्यांना कोंडून आपण ओसरीवर पान लावत बसायचो, हे आठवून तिला स्वतःच्या हातांकडे बघवेना.

ती धाकटीच्या माहेरी गेली. धाकटी अंगणात धान्य पाखडत होती.

"अगं, चुकले मी. धुरानं मेल्या त्या. चल घरी."

धाकटीनं सूप खाली ठेवलं नाही. "माझ्या कानात काय सांगता, अक्का? आळ घेतलात तेव्हा कुठं उभ्या होतात?"

थोरलीची मान खाली गेली. दुसऱ्या सकाळी धाकटीला बरोबर आणून, शेजारी उभं करून ती पाणवठ्यावर बोलली, "पाखरं मी मारली. मिरच्यांच्या धुरात कोंडून मारली. हिचा काही दोष नव्हता."

"अगं बाई," एक म्हातारी फिसकन हसली, "एका मिरचीनं माणूस खोकून बेजार होतं, आणि तू चिमणीएवढ्या जिवाला मूठभर दिल्यास?"

सगळ्या हसल्या. थोरलीनं ते ऐकून घेतलं. तिला वाटलं, फिटलं.

इतक्यात एक पोर हसत हसत धाकटीकडं आलं. तिनं त्याच्या गालाला हात लावायला वाकावं, तो पोराच्या आईनं त्याला पटकन आपल्या पदराआड ओढलं. त्या बाईच्या ओठांवरचं हसू अजून विरलंही नव्हतं.

धाकटीनं हात मागं घेतला आणि घागर भरायला वळली. थोरलीनं ते पाहिलं. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

म्हणून सांगते, कुणावर आळ घेण्याआधी आपण स्वतः काय करतोय ते डोळे उघडून बघा. घेतलेला आळ नंतरच्या माफीनं सगळा पुसला जात नाही.