कणसाईचा वसा आणि आवडाबाईचा कोपरा

ऐक, कणसाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, नगरामागं डोंगर होता, डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. नगरात राजा राहत होता. गावात राजा कधी आला नव्हता. त्याचा प्रधान मात्र दर साली यायचा. डोक्यावर छत्री धरून बांधावर उभा राहायचा, पायाला चिखल लागू द्यायचा नाही. लांबूनच हिरवं बघायचा आणि ढोल वाजवून सांगायचा, "पीक सोळा आणे! राजाच्या पुण्याईनं पीक सोळा आणे!" ढोल नगराकडं परत जायचा, आणि गावातल्या कणग्या होळीच्या आत रित्या व्हायच्या.

त्या गावात एक घर होतं. घरात सासू आवडाबाई, तिचा मुलगा धाकलू, सून येसू आणि येसूची लेक रंगू. भाताची तीन खाचरं होती, तेवढ्यावर घर चालायचं. घराची रीत जुनी होती. भात पिकलं की सर्वांत टपोऱ्या लोंब्या कापायच्या, त्यांचं तोरण करून कणसाईच्या देवळाला बांधायचं. मधलं भात घरात खायचं. कणगीच्या तळाला जे उरेल, किडकं, फुटकं, पोचट, ते मृगात पेरायचं. चांगलं देवीला, मधलं माणसाला, उरलंसुरलं मातीला. आवडाबाईच्या सासूनं असंच केलं, सासूच्या सासूनं असंच केलं, सारं गाव असंच करत होतं. आणि लोंबी दर साली आखूड होत होती.

मग काय व्हायचं? दिवाळी सरली की मिठागराचा मुकादम यायचा. अंगणात उभा राहून हाक मारायचा, "धाकलू, आहेस का रे घरात?" एक तोंड कमी झालं तर कणगी थोडी जास्त पुरेल, म्हणून धाकलू घोंगडी उचलायचा आणि खाडीपलीकडं जायचा. पावसाच्या तोंडावर परत यायचा. पाय मिठानं उललेले, पाठीवर मिठाची पिशवी. घरच्यांसाठी तेवढंच आणायचा.

एका साली तो असाच आला. रंगू अंगणात खेळत होती. बापाला बघून ती आईच्या लुगड्यामागं दडली आणि म्हणाली, "आई, पाहुणा आलाय." धाकलू हसला. येसू हसली नाही. त्या दिवसापासून तिच्या मनानं एकच धरलं. वर्षभर पुरेल इतकं भात घरात हवं, आणि मुकादम आला तसा परत गेला पाहिजे.

पाऊस झाला, पेरणी झाली, लावणी झाली. आश्विन आला. सासू म्हणाली, "येसू, तोरणाच्या लोंब्या काढून आण. हलक्या आणशील तर देवी रागावेल." येसू विळा घेऊन गेली. पहिल्या खाचरात शोधलं, मनाजोगी लोंबी नाही. दुसऱ्या खाचरात शोधलं, मनाजोगी लोंबी नाही. तिसऱ्या खाचरात शोधलं, तिथंही नाही. पुन्हा फिरून तिन्ही खाचरांच्या मध्यावर बघितलं, तेव्हा कुठं चार पेंढ्या होतील एवढ्या लोंब्या दिसल्या. येसू बांधावर बसली आणि रडू लागली.

तिथं एक म्हातारी आली. केस पेंढ्यासारखे पिवळे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"का गं लेकी, रडतेस का?"

"सगळ्यांत चांगलं आहे ते एवढंच, आजी. हे देवीला गेलं की आम्हाला काय?"

"देवी काय करते त्या तोरणाचं?"

"ती काय करणार? चिमण्या खातात."

"मग तिला चिमणाई म्हणा. कणसाई कशाला म्हणता?"

येसूला रडता रडता हसू आलं. म्हातारी हसली नाही. म्हणाली, "पोचट दाणा मातीला देता आणि मातीकडं टपोरा मागता. कुठल्या तोंडानं मागता गं?"

"मग मी करू काय?"

"वसा घे. पण भूक लागली की मोडशील, धाक घातला की सोडशील, लोक हसले की टाकशील."

"मोडणार नाही, सोडणार नाही, टाकणार नाही. वसा सांगा."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "आश्विनात उभ्या पिकात शिरावं. कडेचं सोडावं, मधलं बघावं. ज्या रोपाला फुटवे पुष्कळ, लोंबी लांब, दाणा भरलेला, त्याला लाल दोरा बांधावा. तेवढं आधी कापावं, वेगळं झोडावं, चांगलं सुकवावं. राख आणि निरगुडीचा पाला घालून पेंढ्याच्या मुड्यात बांधावं, मुडा आढ्याला टांगावा. पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात घालावं. तरंगेल ते कोंबड्यांना, बुडेल ते गोड्या पाण्यानं धुऊन वाफ्याला. रोप कोवळं असताना लावावं. मूठ मूठ कोंबू नये. दोरी धरावी, वीत वीत अंतर ठेवावं, दोन दोन काड्या लावाव्या."

"आणि वसा पुरा झाला की उजवणं कसं करावं?"

"पीक आलं की तीन घरी ओंजळ ओंजळ बी द्यावं. एकटीनं दाबून ठेवलं तर वसा फळत नाही."

इतकं सांगून म्हातारी भातात शिरली. एक लोंबी हलली नाही.

येसूनं दोरे बांधले, लोंब्या कापल्या, घरी आली. सासू म्हणाली, "आण इकडं, तोरण बांधते."

"तोरण आंब्याच्या पानांचं करू, आत्याबाई. झेंडू लावू. ह्या लोंब्या बियाला."

आवडाबाईनं कपाळावर हात मारला. "देवीचा घास चिखलात घालणार? माझ्या घरात?"

"देवी चिखलातूनच येते ना वर?"

"मोठी आली शहाणी! आईनं शिकवलं का हे?"

"आईला माहीत असतं तर माझं माहेर उपाशी राहिलं असतं का?"

धाकलूनं दोघींकडं बघितलं आणि तो गुरांना पाणी दाखवायला गेला. मग दिवाळी सरली, मुकादम आला, धाकलूही गेला. मुडा आढ्याला टांगलेला राहिला, आणि वशाची परीक्षा सुरू झाली.

आधी लोकांचं हसू आलं. पाणवठ्यावर बाया म्हणाल्या, "येसूबाई, भाताला लाल दोरा बांधलात म्हणे. लगीन कधी आहे? बोलवा हो आम्हाला." येसू म्हणाली, "मृगात हळद, आषाढात लगीन. या सगळ्या, चिखलाचे लाडू वाढते." घागर उचलली, चालू लागली.

मग धाक आला. देवळाचा गुरव दारात उभा राहिला. "देवीचा वाटा अडवलास. साप निघेल, ताप येईल, घर बसेल." आवडाबाईनं देवळाकडं बघून हात जोडले. येसू म्हणाली, "गुरवदादा, पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी वाटा दिला. त्यानं कुणाचं घर वर आलं ते दाखवा, आत्ता मुडा काढून देते." गुरवानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गावभर घरं होती, पण बोट दाखवावं असं एकही सापडेना. गुरव गेला.

मग भूक आली. फाल्गुन सरला, भात संपलं. येसू कंद खणायला रानात गेली. घरी रंगू रडू लागली. आजीनं पाणी दिलं, मांडीवर घेतलं, झोका दिला. रंगू थांबेना. मग आवडाबाईनं पाटावर पाट ठेवला, मुडा सोडला, चांगल्या ओंजळी काढल्या, कांडल्या, पेज केली. येसू दारात आली तर पेजेचा वास आला. तिनं वर बघितलं. मुडा सैल झालेला.

"आत्याबाई, कणगीच्या तळाशी भात होतं ना?"

"ते बियाणं आहे!" आवडाबाई म्हणाली. "बियाणं खातात का कधी?"

सासू वाईट नव्हती. सासूनं तिच्या परीनं बियाणंच वाचवलं होतं. येसूनं रंगूला मांडीवर घेतलं, उरलेली पेज भरवली, शेवटचा घोट सासूला दिला. म्हणाली, "भुकेल्या पोरीनं खाल्लं, त्याला पाप म्हणेल ती देवी कसली? पण आत्याबाई, आजपासून मुड्याखाली मी निजणार." त्या दिवसापासून सुनेनं मुडा राखला, सासूनं कणगीचा तळ राखला, आणि दोघींनी कंद उकडून, पाला शिजवून दिवस काढले.

मग पावसाच्या तोंडावर धाकलू आला. येसूनं मिठाची पिशवी सगळी घंगाळात ओतली. धाकलू ओरडला, "अगं, वर्षाचं मीठ ते!"

"ओतू द्या. पुन्हा आणायला जायचं नाही, म्हणून ओतते."

मीठ पुरेसं झालं का बघायला पाण्यात अंडं सोडलं, ते तरंगलं, मग तिनं मुड्यातलं बी घातलं. थोडं वर आलं, पुष्कळ तळाला बसलं. धाकलूनं गंमत म्हणून कणगीच्या तळातली मूठभर साळ दुसऱ्या भांड्यात टाकली. बहुतेक सगळी वर तरंगली. तो म्हणाला, "दर साली आपण हे पेरत होतो?"

"हेच."

धाकलू उठला आणि लावणीसाठी दोरी वळायला बसला.

आषाढात लावणी झाली. दोरी धरली, वीत वीत अंतर ठेवलं, दोन दोन काड्या लावल्या. आवडाबाई बांधावरून म्हणाली, "काय हे, टक्कल पडल्यासारखं दिसतंय." पण पेजेत गेलेल्या बियाची रोपं कमी पडली, आणि तिसऱ्या खाचराचा एक कोपरा उघडा राहिला. आवडाबाईनं पदर खोचला. कणगीच्या तळाचं बी तिनं परसात वेगळं पेरलं होतं. त्याची रोपं आणली, मूठ मूठ कोंबून लावली आणि म्हणाली, "हा कोपरा माझा. इथं कुणी दोरी आणायची नाही."

श्रावण गेला, भाद्रपद गेला. टक्कल भरून आलं. एका एका जागी फुटव्यांची झुडपं झाली. आश्विनात लोंब्या वाकल्या, बांधावर टेकल्या. आवडाबाईचा कोपरा मात्र ताठ उभा होता. लोंबीत दाणाच नव्हता, तर वाकणार कशानं?

मग प्रधान आला. छत्री आली, ढोल आला. खाचरं बघून प्रधानाचे डोळे दिपले. त्यानं ढोलवाल्याला खूण केली. "राजाच्या पुण्याईनं पीक सोळा आणे!"

येसू पिकातून वर आली. हातात लाल दोरे होते. म्हणाली, "प्रधानजी, पिकाला राजाची पुण्याई लागली. मग हा कोपरा कुणाच्या पुण्याईनं असा राहिला?"

प्रधानानं कोपरा बघितला. माती तीच, पाणी तेच, राजाही तोच. तेवढ्यात आवडाबाई पुढं आली. "तो कोपरा माझा आहे. राजाला घ्यायचा असेल तर खुशाल घेऊ दे."

ढोलवाला फिसकन हसला, आणि त्या साली ढोल वाजायचा राहून गेला.

मग गावातल्या बाया बांधावर आल्या. हसल्या होत्या त्याही आल्या. खाचराकडं बघत, मग कोपऱ्याकडं बघत. येसूला काही सांगावं लागलं नाही. आवडाबाईच सांगत होती, "बघून घ्या बायांनो. इकडं बुडालेला दाणा, तिकडं तरंगलेला. तिकडचा मी लावलाय, खोटं सांगत नाही." येसूनं उजवणं केलं. तीन घरी ओंजळ ओंजळ बी दिलं. पहिली ओंजळ गुरवाच्या बायकोला दिली. त्या तिघींनी पुढल्या साली आणखी तीन तीन घरी दिलं. देवळाला आंब्याचं तोरण लागलं. कणसाई रागावली नाही. ती देवळात होतीच कुठं? ती खाचरात होती.

त्याच साली दिवाळी सरली. कणगी काठोकाठ भरलेली, आढ्याला नवा मुडा टांगलेला. मुकादम अंगणात आला. सवयीनं हाक मारली, "धाकलू, आहेस का रे घरात?"

येसू चुलीपाशी होती, ती उठली नाही. आवडाबाई जात्यापाशी होती, ती उठली नाही. रंगू दारात आली. दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवून उभी राहिली आणि म्हणाली, "माझा बाबा जेवतोय. तो येणार नाही."

कणसाई, येसूला पावलीस तशी ऐकणाऱ्या सगळ्यांना पाव. मुड्यात बी राहो, कणगीत भात राहो, घरचं माणूस घरात राहो. ही साठां उत्तरांची कहाणी, बुडाल्या दाण्यानं सुफळ, वाटल्या ओंजळीनं संपूर्ण.