म्हाळू आणि लंगडा एमू

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी राहायचा. गावाबाहेर डॉक्टर उपाध्येबाईंचं संशोधन केंद्र होतं. रक्त पोचलं नाही की माणसाच्या खुब्याचं हाड आतल्या आत मरतं. ते कसं मरतं, हे बाई जनावरांवर अभ्यासायच्या. ती जनावरं सांभाळायला म्हाळू लागला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "म्हाळू, या सशाच्या पायावर नजर ठेव."

म्हाळूनं ठेवली. पायावरच ठेवली. सशानं बाईंची वही फस्त केली.

"अरे, वही खाताना दिसला नाही तुला?"

"वही तोंडाकडं होती, बाई. मी पायाकडं होतो."

बाईंनी कपाळावर हात मारला. "बाबा रे, कुणी लंगडताना दिसलं की मोठ्यानं ओरडून मला सांग. एवढंच कर."

दुसऱ्या दिवशी गावच्या सरपंच गोदाक्का आल्या. गुडघा दुखत होता, म्हणून लंगडत आल्या.

म्हाळू ओरडला, "बाई, धावा! गोदाक्कांचं हाड मेलं!"

गोदाक्कांनी चप्पल काढली.

बाई म्हणाल्या, "लंगडणाऱ्याला असं बोलतात का? हाताला धरून खुर्चीवर बसवावं, चहा द्यावा."

तिसऱ्या दिवशी एमू लंगडला. एमू म्हणजे शहामृगाचा धाकटा भाऊ, माणसाएवढा उंच. तो कधी लंगडतो याची बाई वर्षभर वाट बघत होत्या.

म्हाळू हात धरायला गेला. हात सापडेना, म्हणून पंख धरला. खुर्चीवर बसवलं. "घ्या, साखर कमीच घातलीय."

एमूनं कपाला, खुर्चीला आणि म्हाळूला एकेक लाथ घातली आणि उघड्या फाटकातून पळून गेला.

बाई रडायच्याच बाकी राहिल्या. "सशाचा एक पाय दुखला तर तो उरलेल्या तीन पायांवर भागवतो. मला माणसासारखं दोन पायांवर लंगडणारं हवं होतं रे! पुन्हा असलं दिसलं तर ओरडू नकोस, चहा देऊ नकोस. डोक्यावर पोतं टाक, पिंजऱ्यात घाल, मग मला बोलव."

म्हाळूला फार वाईट वाटलं. बाईंचं नुकसान भरून द्यायचंच, असं त्यानं ठरवलं.

चौथ्या दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते. केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, ते साहेबच ठरवणार होते. बाई हार घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. साहेब काही येईनात.

साहेब मागच्या दारानं आत गेले होते. जनावरं कशी ठेवतात, ते त्यांना गुपचूप बघायचं होतं. नवा बूट चावत होता, म्हणून जरा लंगडत होते.

थोड्या वेळानं म्हाळू धापा टाकत आला. सदरा फाटलेला, तोंडभर हसू.

"बाई, लवकर चला! एमूपेक्षा भारी गावलंय! दोनच पायांवर चालतंय, लंगडतंय, आणि पिंजऱ्यातून शिव्यासुद्धा अगदी माणसासारख्या देतंय!"