नाव न घेता निवडलेलं चाक

"शिदोजी, घाटासाठी कोणतं चाक सरस, ते उद्या भर दरबारात सांगायचं! पण 'कार्बन' म्हणालास तर हद्दपार, 'अ‍ॅल्युमिनियम' म्हणालास तरी हद्दपार! रंग सांगायचा नाही, बोट दाखवायचं नाही. आणि गप्प बसलास तर आधी दुकानाला टाळं, मग हद्दपार! दरबारात जो ही नावं घेईल तो वेशीबाहेर, मग तो कोणी का असेना!"

एवढं बोलून वेळूगडचे धैर्यशीलराव महाराज सिंहासनावरून उठले. जरा लंगडतच उठले.

त्या लंगडण्यातच सगळी गोष्ट होती. महाराजांना सायकलीचा भारी नाद. कुण्या परदेशी व्यापाऱ्यानं त्यांच्या गळ्यात कार्बनची चाकं मारली. करंगळीवर तोलावीत इतकी हलकी! किंमत ऐकून खजिनदार जो खाली बसला तो बसलाच. घाटाच्या चढावर महाराज वाऱ्यासारखे निघाले. मग उतार लागला. त्यात चार थेंब पडले. महाराजांनी ब्रेक दाबला, ब्रेकच्या रबरांनी दोन्ही बाजूंनी रिम चिमटीत धरली, आणि रिमनं त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष केलं! महाराज थेट कडब्याच्या गंजीत.

मागून दिवाणजी धापा टाकत आले. "वा! काय तो वेग! महाराज थांबले नाहीत, कारण त्यांना थांबायचंच नव्हतं!"

शिदोजी होता सरकारी सायकली दुरुस्त करणारा. महाराजांच्या फेट्यातला कडबा वेचता वेचता तो खरं बोलून गेला. "महाराज, उतारावर आपलं जुनं अ‍ॅल्युमिनियमच बरं. कार्बन म्हणजे शेवटी कोळसाच. घासला की तापायचाच!"

तेवढंच त्याला भोवलं.

घरी येऊन त्यानं ताट बाजूला सारलं. त्याची बायको हौसा लग्न होऊन आली त्याला दीड महिना झाला होता. बोलायची कमी, बघायची फार.

"अहो, जेवा तरी."

"कसलं जेवा म्हणतेस! नाव न घेता एखादी गोष्ट सांगायची तरी कशी?"

हौसाला हसू फुटलं. "दीड महिन्यात मी तुमचं नाव एकदा तरी घेतलंय का? तरी मी 'अहो' म्हटलं की तुम्हीच येता ना? मामंजी तर येत नाहीत! उद्या मी येते दरबारात."

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकं दरबारात मांडली होती. चिकाच्या पडद्यामागे राणीसाहेब येऊन बसल्या. शिदोजीच्या पुढे हौसा उभी राहिलेली पाहून दिवाणजींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नवऱ्याला जबाब देता येत नाही म्हणून बायको आणलीय होय?"

"दिवाणजी, नाव न घेण्याची सवय आम्हा बायकांना. तुम्हाला कुठून असणार?"

पडद्यामागे बांगड्या किणकिणल्या. महाराज म्हणाले, "बोल पोरी. पण अट लक्षात आहे ना?"

"आहे महाराज. यातलं एक चाक जावयासारखं. लांबून आलेलं, अंगानं हलकं, ऐटबाज. येईल तो कौतुक करतो. पण जरा घासलं की तापतं, आणि चार थेंब पडले की कुणाचं ऐकत नाही! दुसरं चाक सुनेसारखं. जरा जड. रोज घासून घासून झिजतं, कौतुक कुणी करत नाही. पण 'थांब' म्हटलं की थांबतं!"

बांगड्या आता चांगल्याच खळखळल्या. महाराज मिशीला पीळ देत म्हणाले, "कोडी नकोत! सरस कोणतं ते सांग!"

"सपाट रस्ता असावा, कोरडी हवा असावी, मग जावयाचा थाट बघावा. पण आपण घाटाचं विचारलंत."

"मग घाटाचंच सांग!"

"सांगते. त्याआधी माझी एक अडचण सोडवा. राणीसाहेबांची सायकल कालपासून आमच्या दुकानात उभी आहे. परवा त्या माहेरी निघाल्यात, तोच घाट उतरून. आभाळ तर भरून आलंय. त्यांच्या सायकलीला कोणती चाकं चढवू?"

पडद्यामागच्या बांगड्या थांबल्या. दिवाणजी पुढे सरसावले. "त्यात काय विचारायचं? जी महाराजांना शोभतात, तीच राणीसाहेबांना..."

"गप्प बसा दिवाणजी!" महाराज ताडकन उठले. "तिला गंजीत घालता? पोरी, अ‍ॅल्युमिनियम! अ‍ॅल्युमिनियमचीच चढव! कार्बनचं नावसुद्धा काढू नकोस!"

हौसानं पदर सावरला आणि वाकून मुजरा केला.

"मी कुठं काढलं, महाराज? आपणच काढलंत. एक नाही, दोन्ही! आता वेशीबाहेर कुणी जायचं, तेवढं सांगा."

शिदोजीनं डोळे गच्च मिटले. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "हद्दपारच व्हायचंय तर चला माझ्या माहेरी! चाकं मात्र सुनेची लावून या, जावईबापू!"

मग काय! महाराज असे हसले, असे हसले, की दुखरी कंबर दोन्ही हातांनी धरून खाली बसले. शिदोजीला सरकारी सायकलींचा कारभारी नेमलं. हौसाला भरजरी पैठणी दिली.

"आणि ती काळी चाकं," डोळे पुसत महाराज म्हणाले, "दिवाणजींना बक्षीस! आजच घाट उतरून दाखवा. तुम्हाला तरी कुठं थांबायचं असतं!"

दिवाणजींचा चेहरा चाकांपेक्षा काळा पडला.

"पोरी, आता एक नाव घ्यायची तुला मुभा आहे. नवऱ्याचं! उखाण्यात!"

हौसा लाजली. पण लाजून थांबणारी ती नव्हे.

"चढावर मिरवतात सगळेच, उतारावर कळतो भाव,
वेळेवर थांबणाऱ्या शिदोजीरावांचं घेते मी नाव!"

महाराज पुन्हा हसत सुटले, त्यांच्यामागे अख्खा दरबार. दिवाणजी तेवढे खिडकीतून आभाळाकडे बघत होते. बाहेर भुरभुर सुरू झाली होती.